देवघरातल्या बोंडअळ्या

वऱ्हाडातून परत येऊन बरेच दिवस झाले, तरी गिरगावात कोणी भेटला की तीन गोष्टी विचारल्याशिवाय सोडत नाही. तिथे बैलांच्या शिंगांना खरंच चांदी मढवतात का, कापसाच्या भावाने माणसं खरंच वेडी झाली आहेत का, आणि तिथे जेवायला काय मिळतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी थोडं तिखटमीठ लावून मजेत देतो. तिसरा आला की पानाचा डबा पुढे करतो आणि विषय बदलतो. माझ्या या सवयीची आता मलाच शिसारी आली आहे, म्हणून सगळा प्रवास एकदाचा लिहून काढतो आहे.

मी सोनाराचा मुलगा. घरची फुंकणी टाकून चित्रशाळेत शिसपेन धरली, म्हणून वडील अजूनही पाहुण्यांपुढे माझा विषय काढत नाहीत. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसावर डोळा लावून बसल्या. तेव्हा मुंबईचे एक कापूसवाले शेट आणि त्यांचे स्नेही असलेले एक विलायती डॉक्टर यांनी कापसाच्या शत्रूंचं सचित्र पुस्तक काढायचं मनात घेतलं. त्यातला पहिला शत्रू बोंडात शिरून बसणारी अळी. तिची चार रूपं मी काढायची: अंडं, अळी, कोष आणि पतंग. चारही जमली तर चितारी म्हणून माझी कायमची सोय होणार होती. पतंग राहिला तर आधीची तीन चित्रं कोणी हातातही धरणार नव्हतं.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. अळी पाहून तिचा पतंग कसा होईल ते सांगता येत नाही, आणि पतंग पाहून तो पूर्वी कोणती अळी होता हेही ओळखता येत नाही. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की दिव्यावर येईल तो पतंग काढून आणशील तर मी ते चित्र फाडून टाकीन. अळी पाळ, तिला कोष करू दे, आणि त्याच कोषातून तुझ्या डोळ्यांसमोर जे बाहेर पडेल तेवढंच काढ.

अकोला

आगगाडी जिथवर जात होती तिथवर आगगाडीने गेलो, पुढे बैलांच्या दमणीतून. ती हाडं खिळखिळी करणारी वाट मी इथे गाळतो. अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी उतरलो तर रस्ताभर कापसाचे तंतू उडत होते. माणसांच्या मिशांवर, भुवयांवर, उघड्या दुकानांतल्या गुळावर, सगळीकडे तेच. शिंगांना चांदीच्या शेंब्या घातलेली बैलजोडी पहिल्याच दिवशी दिसली. चांदीत भेसळ बरीच होती, पण ती मालकाच्या तोंडावर बोलून दाखवण्याइतका मी मूर्ख नाही. मालक मात्र बैलांच्या पुढे पुढे असा चालत होता की जणू शेंब्या त्यालाच बसवल्या होत्या.

आमच्या शेटच्या आडत्याकडे उतरलो होतो. त्याच्या घरी ज्वारीची भाकरी, फोडणीचं वरण आणि मिरचीचा ठेचा वाढला. पहिल्या घासाला मला जो ठसका लागला तो पाण्याचा तांब्या रिकामा झाला तरी थांबेना. घरातल्या बायका आतून हसल्या. मुंबईकर भात खाऊन खाऊन मऊ पडलेत, असं आडत्याने मला तोंडावर सांगितलं. पुण्याकडचा असता तर हेच वाक्य त्याने दोन घडी घोळवून म्हटलं असतं. मला हे बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरच्या शेतांत हिंडू लागलो. कापसाच्या झाडाला इथे पऱ्हाटी म्हणतात. जिचा शेंडा सुकून मान टाकतो त्या पऱ्हाटीत अळी आहे असं समजावं. कोवळ्या पानांवर आणि पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर, तिची अंडी सापडली, खसखशीएवढी, निळसर, भिंगातून पाहिलं तर वर कोरीव रेघा. अळी निघते तीच भुकेली. आधी शेंडा पोखरते, मग बोंडात शिरते आणि आपल्याच विष्ठेने मागचं भोक बुजवून टाकते. तपकिरी-पांढऱ्या अंगावर नारिंगी ठिपके आणि काटेरी केस असतात. ती वाढते म्हणजे तिची कातडी वाढत नाही. कातडी घट्ट झाली की ती उसवून टाकते आणि आत तयार असलेली नवी घालून बाहेर येते. असं ती बऱ्याचदा करते.

त्याच बोंडांवर तांबडे ढेकूणही असतात. त्यांची तऱ्हा अगदी निराळी. त्यांचं पिल्लू पहिल्या दिवसापासून आईबापासारखं दिसतं, फक्त पंख नसतात. दर कात टाकताना पंखांच्या गाठी थोड्या मोठ्या होत जातात आणि शेवटच्या कातीनंतर पुरे पंख येतात. मध्ये कुठे कोष नाही, झोप नाही. चितारी म्हणून मला हे ढेकूणच आवडायचे, कारण त्यांच्यात लपवाछपवी नव्हती.

अळ्या पुऱ्या वाढल्या आणि चित्रं उतरली, तेव्हा मी कुंभाराकडून रुंद तोंडाचं एक मडकं घेतलं. तळाशी काळी माती, तीत पऱ्हाटीच्या बोंडांसकट फांद्या उभ्या खोवल्या, अळ्या आत सोडल्या आणि तोंडाला मलमलीचं पांढरं फडकं बांधलं. आडत्याने मला अमरावतीकडच्या एका गावी जानराव पाटलांकडे पाठवलं. तिथे चांगल्या पऱ्हाट्या पाहायला मिळतील आणि राहायची सोय होईल, असं तो म्हणाला. चिठ्ठीत त्याने एवढंच लिहिलं की पाहुणे चितारी आहेत, पऱ्हाटीची चित्रं काढतात. मडक्याचा उल्लेख त्याला करायचं कारण नव्हतं आणि मलाही सुचलं नाही.

गाव

दमणी हिसके देत होती, म्हणून मडकं सारी वाट मांडीवर धरलं होतं. गाडीवानाने दोनदा खाली ठेवा म्हटलं, मी ठेवलं नाही. जानरावांच्या दारात उतरलो तेव्हाही गड्याने हात पुढे केला तर मी त्याला हात लावू दिला नाही. मग पाय धुण्यासाठी ते अंगणातल्या पायरीवर ठेवलं, आणि तिथेच घात झाला.

प्रवासात तिथीचं भान सुटलं होतं. त्या दिवशी घटस्थापना होती. आमच्या घरी तांब्याचा कलश तांदळावर मांडतात. वऱ्हाडात मातीचा घट काळ्या मातीवर बसवतात आणि भोवती गहू पेरतात. मातीचं मडकं, काळी माती आणि वर पांढरं फडकं हे पाहून इथल्या माणसाला काय वाटेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. जानरावांची आई, जिला सारं गाव मोठी माय म्हणतं, ती बाहेर आली. तिने आधी मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काऊन बा, घट असा पायरीवर ठेवतेत का?"

मी तोंडात पाणी घेतलेलं. चूळ टाकून बोलेपर्यंत तिने मडकं उचललं, पदराने झाकलं आणि आत नेलं. मागोमाग धावलो तर देवघरात तिच्या घटाशेजारी पत्रावळीवर माती पसरली जात होती. सून वाटीतले गहू पेरत होती आणि माय माझ्या मडक्याला हळदीकुंकवाची बोटं ओढत होती. माणूस परमुलुखात निघाला तरी त्याने आपली देवी मांडीवर घेऊन आणली, असं ती सुनेला भरल्या आवाजात सांगत होती. सगळ्यांनी हात जोडले. जानरावांनी पागोटं काढून डोकं टेकलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण त्या घरातल्या साऱ्यांचे डोळे माझ्याकडे इतक्या आपलेपणाने लागले होते की तो भाव मोडायची हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर हसं होईल याचीही भीती वाटली. उद्या सांगू असं म्हणून मी गप्प बसलो. रात्रभर तोच विचार डोक्यात घोळवला आणि सकाळी पुन्हा गप्प बसलो. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझं सारं काम त्या घटात होतं, आणि तो घट आता माझा राहिला नव्हता.

माळ चढायची ती दोन्ही घटांना चढायची. झेंडूची ताजी माळ रोज माझ्या मडक्याच्या गळ्यात पडे. दुपारी घर वावरात गेलं की मी देवघरात शिरून फडकं एका कडेने वर करायचो. अळ्यांनी खाणं सोडलं होतं. त्या फांद्यांना आणि फडक्याला चिकटून रेशीम काढत होत्या. तो कोष पालथ्या घातलेल्या होडीसारखा, मळकट पांढरा आणि कागदासारखा चिवट होता. मी भराभर शिसपेन चालवली. तिसरं चित्र उतरलं, पण समाधान होईना. अळीला पुढे सहा खरे पाय असतात आणि मागे मांसल खुंट. पुढचे सहा पतंगाला राहतात आणि मागचे जातात, हे डॉक्टरांकडून ऐकलं होतं. पण जातात कसे, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून एके दुपारी मी एक कोष सुईने उघडला.

आत तपकिरी कोशित होतं, अळीचं झोपेतलं रूप. ते चिरलं तर त्यात अळी नव्हती आणि पतंगही नव्हता. पिवळट घट्ट रस तेवढा बोटाला लागला. त्यात तांबूस-पांढरे दोन-चार कण होते, बहुतेक पुढे ज्यांचे पंख आणि पाय व्हायचे ते. अळीने आपलं सारं अंग आतल्या आत विरघळवलं होतं. मी तसाच बोट धरून बसलो असताना मागे पावलं वाजली. मोठी माय दारात उभी होती. मी फडकं वर केलेलं, डोकं मडक्यात घातलेलं. तिने झटकन पाठ फिरवली आणि पदर डोक्यावर ओढून बाहेर ओसरीवर जाऊन बसली. दुसऱ्याची देवी उघडी असताना पाहू नये म्हणून. मी तो रस धोतराला पुसला.

त्याच संध्याकाळी जेवताना कळलं की माय पानावर बसत नाही. नवरात्रात ती एक वेळ भगर खात असे, हे माहीत होतं. पण ती भगरही आता बंद होती, नुसत्या दुधावर राहत होती. मी जानरावांना विचारलं.

"तुमच्या घटाचा उपास कोन धरनार?" जानराव भाकरी मोडत म्हणाले. "तुमची घरवाली तं संगं नाई. मंग मायनंच धरला. आपल्या घटाचा एक, तुमच्या घटाचा एक."

माझ्या ताटात वांग्याची भाजी होती, वर तेलाचा तवंग. मी ते ताट पुरतं संपवलं, कारण उठलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

जानराव भला माणूस, पण तोंडाने फटकळ. मला वावरात नेत आणि अळी दिसली की दोन नखांत चिरडून नखं पऱ्हाटीलाच पुसत. भाव इतका चढलेला असताना प्रत्येक बोंड त्यांना सोन्याचं वाटे. अर्धं वावर अळीने खाल्लं तर काय, या चिंतेने त्यांना झोप नसे. आभाळ आलं की अळी पडते, असं इथे सगळे मानतात. मी म्हटलं, ती आभाळातून पडत नाही, एक पतंग येऊन अंडी घालतो आणि तो पतंग म्हणजे हीच अळी मोठी झालेली. ते हसले. मग मी बेडकाचं उदाहरण दिलं. डबक्यातल्या काळ्या माशासारख्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेपूट गळून पडत नाही, ते पिल्लू शेपूट आतल्या आत जिरवून टाकतं. हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं. ते विचारात पडले.

"पतंग असा कोनता? रंग कोनता त्याचा?" त्यांनी विचारलं. "ठाव झालं तं संध्याकाळी पोरं लावून मारता येतीन. दाखवा तं खरं मले एकदा."

दाखवायचा तो त्यांच्याच देवघरात माळेखाली होता. त्या माणसाचं झालं तर भलंच होणार होतं. मी म्हटलं, पाहू, मिळाला तर दाखवीन. आणि वेगळ्याच पऱ्हाटीचं पान न्याहाळू लागलो.

अमरावती

मध्ये एका दिवशी सगळे अमरावतीला अंबेच्या दर्शनाला निघाले, मलाही घेऊन. एरवी हा भाग मी रंगवून सांगतो. दगडी परकोट, त्याच्या वेशींतून आत शिरणाऱ्या आणि एकमेकींत अडकून पडलेल्या कापसाच्या गाड्या, वेशीशी चाललेल्या शिव्या. बाजारात दाबून बांधलेल्या कापसाच्या मोठमोठ्या गासड्यांच्या भिंती. एका शेतकऱ्याने चाकाच्या मधल्या तुंब्याला चांदीचा पत्रा ठोकला होता आणि त्यावर चिखल उडू नये म्हणून त्याचा गडी फडकं घेऊन गाडीबरोबर चालत होता. हे मी पाहिलं आहे. अचलपूरकडचा एक मुसलमान व्यापारी सरकीच्या पोत्यावर बसून हिंदुस्थानी आणि वऱ्हाडी एका श्वासात बोलत होता. त्याने मला चितारी म्हणून ओळखलं आणि आपली छबी काढायला लावली. नाक मोठं काढलं म्हणून रागावला, मग तेच नाक धरून हसला.

पण मोठी माय पायी चालत आली होती, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. गाडीत बसा म्हटलं तर देवीला पायीच जायचं म्हणाली. दुधावरचं शरीर ते, दर थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेला टेकायची. अंबेची ओटी भरून झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि माझी कुलदेवी कोणती ते विचारलं. मी खरं ते सांगितलं, एकवीरा. माय एकदम खुलली. अंबेच्या शेजारीच एकवीरेचं देऊळ आहे. म्हणजे आमच्या घटातली आणि तुझ्या घटातली शेजारणीच की, म्हणाली, आणि मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. गर्दीत मला पुढे ढकलून तिने स्वतः दुसरी ओटी भरली, माझ्या घटाच्या नावाची. तिच्या हातच्या खणातून तांदूळ सांडत होते. ते उचलायला मी खाली वाकलो आणि तसाच बराच वेळ वाकून राहिलो, कारण वर पाहायचं धैर्य नव्हतं.

परतताना मी ठरवलं की आज सांगायचंच. पण रस्ताभर माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की आमच्याकडे यंदा दोन घट आहेत, म्हणून यंदा वावराला काही होणार नाही. मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

दसरा

इकडे कापसाची पहिली वेचणी करण्याआधी वावरात दहीभात शिंपडतात, त्याला सीतादही म्हणतात. जानरावांच्या घरी ते दसऱ्यालाच करायचं ठरलं. घटांभोवती उगवलेले गव्हाचे तुरे जानरावांनी पागोट्यात खोवले. वेचणाऱ्या बाया पदराची ओटी बांधून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या राहिल्या. नैवेद्याची टोपली सुनेच्या डोक्यावर होती. आणि माझा घट, ज्याचा त्याने उचलावा म्हणून, माझ्या हातांत.

मायने सांगितलं होतं की पाहुण्याच्या घटातली माती पहिल्या ओळीच्या बुडाशी ओतायची. नऊ दिवस पाहुणी देवी घरात राहिली, तिचा हात वावरावरून फिरू दे. मी पहिल्या ओळीशी उभा राहिलो. बोंडं फुटून पांढरीशुभ्र झाली होती. मलमलीतून आत पाहिलं तर फांदीवर कोणीतरी बसलं होतं. पांढुरके पंख, मधोमध हिरवा पट्टा. नखाएवढा पतंग. ज्याच्यासाठी एवढी वाट तुडवली तो, आणि आता मडकं तिरकं केलं की त्याची भावंडं थेट पऱ्हाटीच्या मुळाशी.

"माय," मी म्हणालो, "हा घट नाही. यात देवी नाही, बोंडअळ्या आहेत. अकोल्याहून मीच आणल्या, चित्रासाठी. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

एक बाई फिसकन हसली आणि बाकीच्यांनी तिला दाबलं. जानराव दोन पावलं पुढे आले. मला वाटलं हात उगारतील. बरं झालं असतं.

"म्या दाखवा म्हनलं होतं तुमाले," ते हळूच म्हणाले. "वावरात. तवा तरी सांगाचं होतं."

माय धुऱ्यावर बसली. मग तिने विचारलं की चित्र झालं का. मी म्हटलं, तीन झाली, शेवटचं राहिलं, पण आता ते नको. मी मडक्यातलं सारं जाळून टाकतो.

"काऊन? ज्याच्यासाठी बसवलं ते झाल्याबिगर घट उठते का?" ती म्हणाली. "काढ."

आणि मी काढलं. तीच माझी खरी शिक्षा होती. वेचणाऱ्या बाया थांबल्या, टोपली थांबली, नैवेद्यावर माशा बसू लागल्या, आणि ती म्हातारी नऊ दिवसांची उपाशी धुऱ्यावर बसून माझ्या कागदाकडे पाहत होती. मी फडकं सोडून मांडी घातली. चित्र अर्ध्यावर आलं असताना दुसऱ्या कोषाचं टोक फाटलं. त्यातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी धडपडत बाहेर आलं. पाठीवर पंखांच्या जागी नुसत्या दोन चिंध्या. ते फांदीला उलटं लटकलं, आणि अंगातला रस ढकलून ढकलून त्या चिंध्या भरू लागलं, सुरकुत्या निघाल्या, हिरवा पट्टा उमटला. शेवटी त्याने तांबूस पाण्याचा एक थेंब टाकला. बाया केव्हाच भोवती गोळा झाल्या होत्या. जानराव गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. त्यांना हवा होता तो रंग त्यांनी नीट पाहून घेतला.

"इतके दिवस आत हेच करून राह्यली होती ती?" मायने विचारलं.

मी हो म्हटलं. अळीचं सारं अंग विरतं आणि त्यातूनच हे होतं, एवढं कसंबसं सांगितलं. त्या दुपारी मी पूजा करत नव्हतो, कोष फाडत होतो, हेही सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. तेवढ्यात पहिला पतंग उडाला आणि पांढऱ्या बोंडांत दिसेनासा झाला. मी उठून धावलो.

"जाऊ द्या," जानराव म्हणाले. "त्याचा गोतावळा पैलेच हाये तिथं."

चित्र पुरं झालं. मग दुसरा पतंग आणि उरलेले कोष मी माझ्या हाताने चिरडले, आणि मडकं धुऱ्यावर फोडून आतलं सारं पऱ्हाटीच्या काटक्यांत जाळलं. जानरावांनी दहीभात शिंपडला. बाया ओळींत शिरल्या. सुनेने मायपुढे पान मांडलं आणि उपास सोडायला सांगितलं. मायने पान माझ्यापुढे सरकवलं. मी हात जोडले, म्हटलं, आधी तुम्ही. हा उपास अळ्यांवर फुकट गेला, निदान आता तरी जेवा.

"उपास म्या धरला, म्या सोडीन," ती म्हणाली. "पर घट तुहा होता. ज्याचा घट, तो पैले जेवते. मंग मी."

मी फार विनवलं. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. शेवटी जानराव म्हणाले, खा बाप्पा, म्हातारी पडीन नाई तं.

ते चित्र आता शेटच्या पेढीवर काचेत आहे. डॉक्टर म्हणाले, रेघ कुठेही हललेली नाही, हात फार शांत आहे. मला कायमचं काम मिळालं. जानरावांकडे संध्याकाळी पोरं पतंग मारतात, असं आडत्याकडून कळलं. त्यांनी मला निरोप पाठवला नाही, मीही पाठवायला धजलो नाही.

आणि वऱ्हाडात जेवायला काय मिळतं, तर पुरणाची पोळी आणि वर तुपाची धार. मी पहिला घास तोंडात घातला, माय माझ्या घशाकडे पाहत होती. तो खाली उतरलेला दिसला, तेव्हा तिने उपास सोडायला पाण्याला हात लावला.